सलाईन लावलेलं झाड

सहलीतल्या बाकीच्यांनी रेशीम आणलं,
लाखेच्या वाट्या, कॉफीची पाकिटं.
मी आणले एकशे बारा फोटो, सगळे खोडांचे.
त्यातल्या आठांत माणसं आहेत,
उंचीचा अंदाज यावा म्हणून उभी केलेली.

व्हिएतनामी सहा सुरांत बोलतात म्हणे.
माझा सूर एकच, विक्रोळीचा.
पण फुटपाथवर एक बाई मिक्सरमध्ये हिरवंगार काही फिरवत होती.
वाकून पानं पाहिली
आणि ओरडलेच, अगं, हा तर कारिवणा!
देवगडला विहिरीच्या कडेला पायाखाली यायचा,
इथे बर्फ घालून पंधरा हजारांना पेला.
(घाबरू नका, त्यांचे हजार.)
टोपलीत नाळीची भाजी होती.
सुपात केळफूल, बारीक चिरलेलं, जरा तुरट.
मी बोट दाखवून आमची नावं सांगत गेले,
ती तिची.
दोघींपैकी कुणीच काही लिहून घेतलं नाही.

शहर मात्र घाईत.
सकाळी खिडकीतून क्रेन मोजल्या, सतरा.
संध्याकाळी अठरा.
स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून
फळांसकट एक नारिंगाचं झाड कुणाच्या घरी चाललं होतं.
रस्त्याच्या कडेला गर्जनाचे वृक्ष,
सरळसोट, प्रत्येकाच्या अंगावर रंगवलेला आकडा.
त्यांचं बी दोन पंखांवर भिरभिरत उतरतं.
एक माझ्या पर्समध्येच उतरलं.
विमानतळावर काढून ठेवलं मी, कॉफीच्या दुकानाबाहेरच्या कुंडीत.
अनोळखी बी आणि अनोळखी कीड
एकाच पाकिटातून येतात.

पण सांगायचं होतं ते शेवटच्या रात्रीचं.
अकरा वाजता रस्ता अडला.
ट्रकवर एक झाड आडवं निजवलेलं,
मुळं काथ्यात गुंडाळलेली, फांद्या आखूड केलेल्या,
आणि खोडाला टोचलेली सलाईनची पिशवी.
एक माणूस ती वर धरून बसला होता,
दवाखान्यात नातेवाईक बसतो तसा,
मधूनमधून पेंगत.
मी थुईला, आमच्या गाईडला, विचारलं, जगेल?
तिनं ड्रायव्हरला विचारलं.
त्यानं पाच बोटं दाखवली.
मग त्यातली तीन मिटली.

कन्नमवार नगरात परतले
तर बनसोड्यांच्या सम्यकानं
खिडकीच्या जाळीतल्या एकेचाळीसही कुंड्या जगवलेल्या.
वहीत नोंदी:
मंगळवार. ओव्याला पाणी जास्त झालं, सॉरी.
शुक्रवार. ब्रह्मकमळ उघडलं, पावणेबारा. आईला उठवलं. ती म्हणाली, झोप.

रविवारी सोसायटीची मीटिंग.
आर्किटेक्टनं नकाशा पसरला.
तेवीस मजले, तीन पार्किंगचे,
कडेनं हिरवी वर्तुळं, सगळी एका मापाची.
हे काय? मी विचारलं.
झाड, काकू.
कुठलं?
त्यानं वर्तुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग बिल्डरकडे.
सगळे हसले. मीही हसले थोडी.
मलाही लिफ्ट हवी आहे, माझे गुडघे
या बाबतीत माझ्या बाजूचे नाहीत.

पण नकाशाची एक प्रत मागून घेतली
आणि शिवणाची टेप घेऊन खाली गेले.
सम्यकानं दुसरं टोक धरलं.
टाकीजवळचा भेंड. घेर दोन मीटर दहा.
मयेकरांनी लावलेला, त्यांच्या बदलीच्या साली.
पूर्वेला कललेला.
सकाळी पिवळं फूल, सायंकाळी तेच लालसर.
आकडा टाकताना वाटलं,
याला उचलायचं ठरलंच
तर पिशवी धरून कोण बसेल?

हे सगळं त्या वर्तुळात मावेना.
आणि गुळगुळीत कागदावर बॉलपेन चालेना.
सम्यकानं कंपासमधून कर्कटक काढून दिलं.
टोकानं ओरखडत एवढंच उमटलं: भेंड.
उजेडाकडे तिरपं धरलं तर वाचता येतं.

जांभळाचं उद्या.
आज त्याला टेकवून
कुणीतरी स्कूटर लावली आहे.